अंतर मैलांत मोजू नका, खाड्यांत मोजा!
मुंबई-नागपूर प्रवासाचा खरा हिशेब



मुंबईपासून नागपूर किती लांब आहे? रेल्वेच्या बाबूला विचारा. तो वेळापत्रक उघडून सांगेल, लोहमार्गाने ८३७ किलोमीटर. रस्ते बांधणाऱ्याला विचारा. तो छाती फुगवून सांगेल, आमच्या समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर, आठ तासांत पोचवतो! मंत्रीमहाशयांना विचारा. ते हसून म्हणतील, अहो, लांब कुठले? विमानात बसलो, चहा घेतला, पेपर चाळला की नागपूर आले!

आता हाच सवाल भिवंडीच्या मागावर उभा असलेल्या कामगाराला विचारा. वर्ध्याच्या सूतगिरणीतल्या बाईला विचारा. ती सांगेल, "दोन खाडे पक्के. आणि परत आल्यावर अंग उभे राहिले नाही तर तिसरा."

बंधूंनो, हेच उत्तर खरे! बाकीचे सगळे नकाशावरचे आकडे आहेत. धनिकाचे अंतर मिनिटांत मोजतात, साहेबाचे अंतर प्रवासभत्त्यात मोजतात, आणि कामगाराचे अंतर पगारातून कापून घेतात! ज्याच्या खिशाला कात्री लागते त्याच्याच फुटपट्टीने अंतर मोजले पाहिजे. ती फुटपट्टी हातात घेऊन हा हिशेब मांडायचा आहे. डोळे उघडे ठेवून वाचा.

रविवारात न मावणारे गाव

मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या रोजच्या गाड्या पाहा. सेवाग्राम एक्स्प्रेस घ्या, विदर्भ एक्स्प्रेस घ्या. चौदा-पंधरा तास धरूनच चालायचे. दुरांतो तेवढी अकरा तासांच्या आसपास पोचवते. म्हणजे जाऊन-येऊन चाकांवरच गेले बावीस ते तीस तास!

आणि तुमचा रविवार किती तासांचा? चोवीस! हा रविवारही कुणी ताटात वाढून दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना गोळा केले, अर्ज केले, सभा भरवल्या, मालकांशी वर्षानुवर्षे झगडा दिला, तेव्हा कुठे १० जून १८९० पासून आठवड्याची सुट्टी पदरात पडली. त्या सुट्टीला आज सव्वाशेच्या वर वर्षे झाली. पण महाराष्ट्राच्या राजधानीतून उपराजधानीत जाऊन परत येणे त्या सुट्टीत आजही मावत नाही! तिकडे पोचून आईच्या हातचा घोटभर चहा प्यायचा तर शनिवारचा लचका तोडावा लागतो आणि सोमवारची पाळी बुडवावी लागते.

बरे, कामगार नागपूरला मौजेला जातो काय? जमिनीच्या वादाची तारीख असते, वारसाच्या नोंदीचे काम असते, पोरीची सोयरीक असते, म्हातारा आजारी असतो. कोर्ट-कचेरी तर रविवारी उघडतच नाही! मग एक रात्र जाण्यात, एक दिवस कचेरीच्या दारात, दुसरी रात्र येण्यात. जनरल डब्यात दोन पायांवर, नाहीतर संडासाच्या दाराशी गाठोड्यावर बसून आलेला माणूस पहाटे उतरून सकाळच्या पाळीला साच्यावर उभा राहील काय? धोट्याकडे पाहता पाहता डोळा लागला आणि बोट गेले तर त्याची भरपाई रेल्वे देणार की शेठजी?

उलट बाजूने पाहा. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून गिरणगावाच्या ऐन काळजात उभे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, यवतमाळहून कर्करोगाचे रोगी तिथे येतात. त्यांना आधी नागपूर किंवा वर्धा गाठायचे, मग पंधरा तासांची गाडी. किरणोपचाराला पुन्हा, तपासणीला पुन्हा, औषधाला पुन्हा! रोग एकाला आणि खाडे घरातल्या दोघांना. अशा घराला कुणी म्हणाले, की काय हो, आता जग जवळ आले, तर त्याच्या अंगावर ते धावून जाणार नाहीत तर काय आरती ओवाळतील?

कापसाला वाट मिळाली, माणसाला नाही

हा मार्ग झाला कसा ते ठाऊक असले पाहिजे, म्हणजे आजची गोम कळेल.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे ही पहिली आगगाडी सुटली. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली सूतगिरणी काढली. १८६५ साली कसाऱ्याचा थळ घाट फोडून रूळ वर इगतपुरीला नेले, आणि १८६७ साली गाडी नागपूरला भिडली. पहिली शिट्टी वाजल्यापासून चौदा वर्षांत! त्या काळी ना आजची यंत्रे, ना आजचे पोलाद. सुरुंग, कुदळ, पाटी आणि माणसांचे हात. घाट फोडणारे मजूर पटकीने मेले, दरडीखाली गाडले गेले. त्यांची नावे कुठल्या स्टेशनावर कोरली आहेत काय?

एवढी घाई कशासाठी होती? वऱ्हाडी माणसाला मुंबईचा समुद्र दाखवायला? छे! वऱ्हाडचा कापूस हवा होता! अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची तोंडे कोरडी पडली. बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून यायला कापसाला आठवडेच्या आठवडे लागत; धुळीने मळायचा, पावसात भिजायचा. साहेबाला हे परवडेना. मग रूळ धावले! कापसाच्या पेठा म्हणून खामगावला जलंबहून फाटा निघाला, अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा निघाला. पुढे मूर्तिजापूर, यवतमाळ, अचलपूर या बाजूला विलायती कंपनीने अरुंद रुळांची शकुंतला घातली, तीही कापसासाठीच. कापसाचे दिवस सरले, तसे शकुंतलेचे दिवसही सरले. गरिबाची ती गाडी आज बंद पडली आहे.

जमशेटजी टाटा तर आणखी शहाणे. त्यांनी पाहिले की कापूस नागपूरजवळ, कोळसा जवळ, रूळ दारात. त्यांनी गिरणीच कापसाच्या उंबऱ्यावर नेली! १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. अंतर तोडायचे मनात आणले की मालकाला कसे सुचते, बघा! रूळ आणतो, नाहीतर गिरणी उचलून नेतो. पण कामगाराला त्याच्या घरापासून, दवाखान्यापासून, कचेरीपासून जे अंतर पडते ते तोडायची वेळ आली की ह्याच मंडळींना घाट आडवा येतो, तिजोरी आडवी येते, सगळा भूगोल आडवा येतो!

तेव्हापासून आजवर रीत तीच आहे. ज्याच्यात नफा त्याला वाट. गाठीला वाट मिळाली. गाठ बांधणाऱ्याला मिळाली ती दारात लटकायला जागा.

"फार लांब आहे हो!"

आता दुसरी गोम. "नागपूर मुंबईपासून फार लांब, एका राज्याचा कारभार कसा व्हायचा?" हा सवाल मराठी माणसाने एक राज्य मागितले तेव्हाही टाकला जात होता, आजही टाकला जातो. १९५५ साली फाजल अली आयोगाने अहवाल दिला आणि विदर्भ वेगळा काढून ठेवायची शिफारस केली.

मग १ नोव्हेंबर १९५६ ला काय झाले? द्विभाषिक मुंबई राज्य लादले! कच्छच्या भूजपासून पार चांद्यापर्यंत एकच राज्य! तेव्हा लांबी कुठे गेली होती? तेव्हा गाडीची चाके जोरात फिरत होती काय? मराठी माणसाने एक घर मागितले की नागपूर लांब, आणि दिल्लीने नको ते घर बांधले की भूजसुद्धा जवळ! अंतराचा हा रबर ज्याच्या हातात असतो तो पाहिजे तसा ताणतो. अखेर गिरणी कामगार रस्त्यावर उतरला, रक्त सांडले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

पण विदर्भातल्या भावांची तक्रार आपण उडवून लावायची नाही. नागपूर हे मध्य प्रांत-वऱ्हाडचे आणि १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचे राजधानीचे शहर. राजधानीपण सोडून ते आपल्यात आले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने त्यांना शब्द दिला, की सरकार ठराविक काळ नागपुरात बसेल, विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन दर वर्षी तिथे होईल. शब्द कसा पाळला? २०२० आणि २०२१ साली हिवाळी अधिवेशन मुंबईतच उरकले. २०२४ साली नागपुरात भरले ते १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे सहा दिवस! सहा दिवसांत विदर्भाचे गाऱ्हाणे ऐकायचे की हुरडा खायचा?

ज्याला सरकार भेटायला पंधरा तास जावे लागते, तो म्हणणारच की हे सरकार माझे नव्हे. ह्याच्यात त्याचा दोष काय? दोष आहे तो तास कमी न करणाऱ्यांचा! राज्य एक ठेवायचे तर भाषणाने राहत नाही. भाषा एक आहे, पण भाषेला चाके लागत नाहीत. माणसांना माणसांपर्यंत जाता आले पाहिजे, आणि ते पगार न बुडवता जाता आले पाहिजे.

समृद्धी कुणाची?

इथे कुणी म्हणेल, अरे, तुम्हांला काहीच कसे दिसत नाही? समृद्धी महामार्ग झाला की! सोळा तासांचे आठ झाले!

दिसते, बाबांनो, चांगले दिसते. रस्ता झाला त्याचा आम्हांला राग नाही. ५५ हजार कोटींच्या घरात खर्च करून १० जिल्ह्यांतून सरळ रस्ता काढला, तो महाराष्ट्राच्या पैशाने आणि महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा. चांगली गोष्ट! पण आमचा सवाल एवढाच, की आठ तास कुणाचे?

ज्याच्या बुडाखाली मोटार आहे त्याचे! मोटारीला १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे टोल लावला. पुरता रस्ता चालून गेले की एका बाजूला १,४४० रुपयांच्या वर, पेट्रोल वेगळे. आणि कामगाराकडे काय असते? फार तर स्कूटर. दुचाकीला त्या रस्त्यावर मज्जाव! रिक्षालाही मज्जाव. वेगाचा रस्ता आहे, जिवाला धोका आहे, हे आम्हांला समजते. पण मग ज्याला चार चाके नाहीत त्याच्यासाठी काय सोय केली ते तरी दाखवा!

आणखी एक गंमत. नाव मुंबई-नागपूर, पण रस्ता संपतो भिवंडी तालुक्यात आमण्याला! पुढे भिवंडी, ठाणे, मुलुंड असे खड्ड्यांतून आणि गर्दीतून रखडत जा. जाहिरातीतले आठ तास आमण्यापाशीच उतरून जातात. मागांच्या गावाच्या वेशीवर रस्ता आला, पण मागावरच्या माणसाला तो धूर आणि ट्रकांची रांग तेवढी देऊन गेला.

आणि हे आठ तास किती महाग पडले तेही ऐका. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी जळून मेले. महिनाभराने, १ ऑगस्ट २०२३ ला, शहापूर तालुक्यात पुलाचे काम चालू असता अजस्र यंत्र कोसळले आणि रात्रपाळीचे २० कामगार चिरडून मेले. १८६५ साली घाटात मजूर मेले, २०२३ साली शहापुरात मजूर मेले. दोन्ही वेळा रस्ता भराभर व्हायला हवा होता. दोन्ही वेळा गाडीत बसणारे दुसरेच होते!

ड्रायव्हर हाही कामगारच आहे. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ साली झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, असे त्यात लिहिले होते. सरळसोट रस्त्यावर रात्रभर स्टिअरिंग धरून बसणाऱ्या पोराला हा कायदा कधी लागू झाला काय? त्याच्या झोपेचे तास चोरून आपले तास वाचत असतील तर तो सौदा आम्हांला नको!

पैसा नाही म्हणता?

पैसा नाही हे गाणे आम्ही जन्मापासून ऐकतो आहोत. मग हे ऐका. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा पायाभरणी समारंभ १४ सप्टेंबर २०१७ ला झाला. अंतर ५०८ किलोमीटर, मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा, आणि मोजक्या ठिकाणी थांबली तर वेळ २ तास ७ मिनिटे. म्हणजे तासाला २४० किलोमीटर पडले! सेवाग्रामचा हिशेब करा: पंधरा तासांत ८३७ किलोमीटर, तासाला ५६! नागपूरला तोच बुलेटचा वेग दिला तर प्रवास साडेतीन तासांचा होतो.

गैरसमज नको. अहमदाबादचा गिरणी कामगार आमचा भाऊ आहे. आमच्यासारखाच तोही बंद गिरणीच्या दारात उभा राहिला. त्याच्या गाडीचा आम्हांला मत्सर नाही, आणि त्या बुलेटमध्ये तो तरी बसणार आहे काय? आमचे म्हणणे एवढेच, की पैसा असतो, पोलाद असते, इंजिनिअर असतात. नसते ती कामगाराच्या तासाची किंमत!

त्यातून भाड्याची तऱ्हा पाहा. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतो या जातीच्या गाड्यांना चढत्या भाड्याचा नियम लावला. दर १० टक्के जागा विकल्या की भाडे आणखी चढते! महिनाभर आधी ज्याचे बेत ठरतात त्याला स्वस्त. आणि ज्याला आज रात्री मुकादमाने रजा दिली, गावाहून फोन आला, त्याला महाग! बदली कामगाराला उद्याची पाळी मिळेल की नाही हे आज ठाऊक नसते. तो महिनाभर आधी तिकीट काढणार कसा? दिवाळीला खाजगी बसवाले काय भाव काढतात ते तर तुम्ही जाणताच. अडलेल्याला नाडण्याचे हे धंदे पूर्वी सावकार करीत होता. आता त्याचा कागद संगणक लिहितो, एवढाच फरक!

कसाऱ्याला गाडी थांबते, मागून बँकर इंजिने लागतात, आणि सदतीसाला एक असा तो चढ गाडी चढून जाते. एका इंजिनाला झेपत नाही म्हणून दुसरी मागून रेटतात. रेल्वेने इंजिनांना शिकवलेला हा धडा आपण कामगारांनी गिरवायचा आहे. मुंबईच्या कामगाराने पुढून ओढावे, विदर्भाच्या कामगाराने मागून रेटावे, तेव्हा ही मागणी घाट चढेल.

आमच्या मागण्या

एक : मुंबई-नागपूर रोजची जलद गाडी द्या, जिचे निम्मे डबे बिनआरक्षणाचे आणि साध्या शयनाचे असतील. शनिवारच्या पाळीनंतर निघून सोमवारच्या पाळीला परत येता आले पाहिजे!

दोन : साध्या शयनाच्या तिकिटाला चढते भाडे नको. गरज अडली म्हणून भाव वाढवणे ही सरकारी गाडीची रीत नव्हे.

तीन : समृद्धीवर साध्या भाड्याच्या पुरेशा एस.टी. गाड्या धावल्या पाहिजेत, आणि ड्रायव्हरला विश्रांती मिळालीच पाहिजे. दोन रुपयांचा टोल घेता, मग विसाव्याची खोली बांधा!

चार : परळला उपचाराला येणाऱ्या रोग्याच्या सोबत्याला आणि कोर्टाच्या तारखेला जाणाऱ्या कामगाराला प्रवासाची भरपगारी रजा द्या.

पाच : नागपूर करार पाळा. अधिवेशन पुरते भरवा, आणि नागपूरच्या कचेऱ्यांना असे अधिकार द्या की विदर्भाच्या माणसाला एका सहीसाठी मंत्रालयाची पायरी चढावी लागू नये. कागदाला प्रवास करू द्या, माणसाला नको!

बंधूंनो, भगिनींनो, १८६७ साली चौदा वर्षांत कापसासाठी नागपूर जवळ आणले. १९६० साली लढून आपण ते एका राज्यात आणले. आता ते कामगाराच्या एका रविवारात आणायचे आहे. पुढचा पुढारी मते मागायला चाळीत आला, की त्याला एकच विचारा : मुंबईपासून नागपूर किती लांब? तो किलोमीटर सांगू लागला तर त्याला दाराबाहेरचा रस्ता दाखवा. खाडे सांगितले, तर आत बोलवा, पाणी द्या आणि पुढचा हिशेब विचारा.

तास आमचे आहेत, ते आम्हांला परत द्या!